खालचं धरून बसलेले चीफसाहेब

इकडे ये जरा, जवळ सरक. कागदावरून कान धरता येत नाही म्हणून वाचलीस, नाहीतर ईस्ट कोस्टला येऊन धरला असता. दोन वर्षं झाली, तू माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. ईस्ट कोस्ट ते चोआ चू कांग म्हणजे काय नांदेड ते नागपूर आहे? एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसून एक डुलकी काढली की येतं. त्यावर परवा फोनवर मला विचारतेस, "आत्या, तो वेडा म्हातारा गेला का गं इंडियाला?" वेडा म्हणे. त्या दिवशी हॉलमध्ये तू ओढणी तोंडात कोंबून हसत होतीस, ते मी स्टेजवरून बघितलं होतं हो. तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. तू आता पाणी पिऊन घे आणि मध्ये मोबाईल बघू नकोस.

चीफसाहेब आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहायचे. बोटीवर चीफ इंजिनिअर होते, सगळा जन्म इंजिनच्या आवाजात गेलेला. मूळचे रत्नागिरीकडचे, आपल्यातलेच. जयंतीच्या कार्यक्रमांना यायचे, मागच्या रांगेत बसायचे, खीर घेऊन जायचे. पण माझी ओळख तिथली नाही, लिफ्टमधली. मी नुकतीच लेकाकडे आले होते, इथलं काही कळत नव्हतं. खाली जायला लिफ्टमध्ये शिरले, नवव्या मजल्यावर दार उघडलं तर एक उंच, वाळका माणूस बाबागाडी धरून उभा. गाडीत काहीतरी झाकलेलं, वरून बदकांची दुलई, आणि मधूनच एक दांडा वर आलेला. दांड्यावर पायमोजा. मला वाटलं, आजारी बाळ आहे बिचारं, सलाईन लावलंय. कळवळले मी. विचारलं, किती महिन्यांचं?

"बत्तीस वर्षांचं," ते म्हणाले. "झोपलंय. हळू बोला."

वाकून बघितलं तर मोठा थोरला अर्धा भोपळा, त्यावर कातडं ताणलेलं, आणि दोन रांगांत तारा. मोजल्या तर एकवीस. नाव त्याचं कोरा. पश्चिम आफ्रिकेतलं वाद्य. तारा आपल्याकडे करून मांडीपुढे उभं धरायचं, दोन मुठी धरून दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्यांनी वाजवायचं. चार बोटांचा खेळ, पण आवाज असा येतो की वाटतं पाण्यातून कोणी काचेच्या गोट्या ओततंय.

बाबागाडी का, तर हे पाठीवर घेतलं की एमआरटीच्या दारात अडकतं आणि लोक रागावतात. बाबागाडीला मात्र सगळे वाट देतात, कोणीतरी उठून जागासुद्धा देतं. दोनदा तर चिनी आजीबाईंनी दुलई सरकवून बघितलं आणि दचकल्या. ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, वडिलांवर गेलंय.

अशा त्यांच्या तऱ्हा. घरात एसी कधी लावला नाही, का तर कातडं आकसतं आणि सूर चढतो. खिडकी उघडी ठेवली तर दमट हवेने सूर उतरतो. मग बंद खोलीत हवेतली ओल शोषणारं यंत्र चालू. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, घामाने निथळत पोळ्या लाटायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या कातड्याचं काय ते विचारा कोणीतरी." तुटलेल्या तारांच्या जागी मासे पकडायची नायलॉनची दोरी लागते, म्हणून ते गळाच्या दुकानात जायचे. दोरीचं एक टोक दातात, दुसरं हातात, आणि टणकन छेडून कान लावायचे. दुकानदार विचारायचा, अंकल, कुठला मासा? हे म्हणायचे, मोठा आहे, तीस वर्षं झाली, अजून लागला नाही.

कानाचा तर चमत्कार होता. एकदा लिफ्टमध्ये मान वाकडी करून उभे. म्हणाले, चढताना कण्हतेय, आठ दिवस काढेल. सहाव्या दिवशी लिफ्ट बंद पडली आणि मी भाजीच्या पिशव्या घेऊन बारा मजले चढले. तेव्हापासून मी त्यांना लिफ्टमध्ये काही बोलूच देत नसे.

आणि भेटले की रामरामासारखं एक लांबलचक विचारणं. जय भीम झाला की सुरू व्हायचं. घरी शांतता ना? लेक शांत? सून शांत? गुडघा शांत? प्रत्येकाला आपण "शांतताच" म्हणायचं. मग आपण त्यांना सगळं तसंच उलट विचारायचं. हे संपल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. आफ्रिकेत तशीच रीत आहे म्हणे. मला आधी वाटायचं, केवढा हा वेळ जातो. पण सांगू का, इथं आल्यावर माझ्या गुडघ्याची रोज चौकशी करणारं दुसरं कोण होतं?

आता ते भोपळ्याकडे कसे वळले ते ऐक, म्हणजे पुढचं कळेल. ऐन उमेदीत त्यांची बोट आफ्रिकेतल्या बांजुलच्या बंदरात बंद पडली. इंजिनचा एक भाग यायचा होता, तो येईपर्यंत महिन्यांवर महिने गेले. बंदरामागच्या गल्लीत एक वादक राहायचे. त्यांचं सगळं घराणंच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं, आजे-पणजे तेच करत आलेले. चीफसाहेब रोज दुपारी जाऊन भिंतीला टेकून ऐकायचे. महिनाभराने त्या उस्तादांनी त्यांना भोपळ्याच्या मागच्या बाजूला बसवलं, हातात एक काटकी दिली आणि भोपळ्यावर ठेका धरायला सांगितलं. त्यानंतर कुठे तारांना हात लावू दिला.

हे वाजवणं दोघांचं असतं बघ. एक जण खालचं धरतो. छोटासा तुकडा, गोल गोल, परत परत तोच. त्यांच्या भाषेत त्याला कुम्बेंगो म्हणतात. दुसरा वर जातो, त्याच्या ताना, उड्या, घसरगुंड्या, सगळं मनाने, त्या वेळी सुचेल ते. वरच्याचं नाव फार लांबलचक आहे, माझ्या जिभेवर बसलं नाही. वरचा दमला की खाली येतो आणि खालचा वर जातो, मध्ये तुटत नाही. कोणी मान हलवत नाही, डोळा मारत नाही. जायचं असेल तर आपल्या तुकड्यात इवलासा फरक करायचा. दुसऱ्याने तो ऐकायचा.

मी म्हटलं, म्हणजे खालच्याला काय, तेच ते दळायचं. त्यावर चिडले. म्हणाले, इंजिन तेच ते करतं म्हणून बोट जाते, ताई. आणि तेच ते नसतंच. वरचा श्वास घेतो तिथं खालच्याने एक सूर जास्तीचा ठेवायचा, तो घाईत असेल तर आपण एक सूर गाळायचा, म्हणजे त्याला जागा होते. आगगाडीसारखं धावायचं नाही, सावलीसारखं मागेही लागायचं नाही.

तर उस्तादांनी त्यांना एक खालचं शिकवलं. म्हणाले, तू आमच्या घरातला नाहीस, पण हे तुला मी माझ्या हाताने देतो, तू हे धर, वर मी आहे. तीन-चार आठवडे दोघं तसे वाजवत बसले. आणि इंजिनचा भाग आला. दोन दिवसांत बोट सुटली. परत जाणं झालं नाही. काही वर्षांनी उस्ताद गेल्याची चिठ्ठी आली.

तेव्हापासून हा माणूस खालचं धरून बसला होता. बोटीवर, मग इथं. रोज सकाळी तासभर तोच गोल तुकडा. वर कोणी नाही. मी विचारलं की अहो, एकटा माणूस दोन्ही करू शकत नाही का? म्हणाले, करतात की, चांगले वादक सगळे करतात. मलाही आलं असतं कदाचित. पण मला एकट्याचं नकोय, वर कोणीतरी यायला हवं. एकदा यावं, एवढंच.

एवढीच त्यांची इच्छा होती. माणूस सत्तरीला आलेला, बोटं आखडायला लागलेली, आणि डोक्यात हे एकच. त्यांच्याकडे गिटारवाला येऊन गेला, तबल्याचा क्लास घेणारे एक गृहस्थ येऊन गेले. गिटारवाल्याने ऐकलंच नाही, आपलंच वाजवलं. तबलेवाल्यांनी पहिल्या पाच मिनिटांत चार तिहाया घेतल्या आणि प्रत्येक तिहाईला चीफसाहेबांकडे बघितलं, की आता थांबा, टाळ्या. त्यांना दारापर्यंत पोचवून आले आणि म्हणाले, फार घाईत आहेत, सगळे पोचायच्या घाईत.

मग माझ्यावर आले. वहिनींनी सांगितलं असणार की ताई गायच्या म्हणून. मी काय गायचे ते तुला सांगायला नको. तुझा बाप गायन पार्टीचा बुवा. गावोगाव जयंतीला त्याचं गाणं, समोर हजार माणूस, आणि मी मागे झील धरायला. दादा ओळ टाकायचा, आम्ही उचलायचो. तीस वर्षं मी त्याच्या ओळीच्या शेवटच्या दोन शब्दांवर जगले म्हण ना. पुढे येऊन गाणं मला कोणी सांगितलं नाही आणि मला सुचलंही नाही. दादा गेला, पार्टी मोडली. त्यानंतर मी झीलसुद्धा धरली नाही. कोणाची धरणार?

चीफसाहेबांनी मला काटकी दिली आणि भोपळ्यामागे बसवलं. मी कोथिंबीर निवडायला घेऊन जायचे, ती तशीच राहायची. पहिले पंधरा दिवस मी सम शोधत होते. एक कुठंय, सुरुवात कुठंय? ते म्हणायचे, गोलाला सुरुवात कुठली आलीय, कुठूनही आत या. पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्या मागोमाग होते, बरोबर अर्धा श्वास मागे, झीलकरणीची सवय. तेही त्यांनी पकडलं. "ताई, माझ्या मागे येऊ नका," म्हणाले. "शेजारी या."

हळूहळू जमलं. काटकीबरोबर मी तोंडाने गुणगुणायला लागले, खालच्या अंगाने, आपली झील. त्यांना फार आवडलं. आणि त्याच आनंदात त्यांनी बुद्ध जयंतीच्या कार्यक्रमात नाव दिलं.

तू होतीसच. पण तुला काय झालं ते कळलं नव्हतं, म्हणून सांगते. वंदना झाली, खीर झाली, लहान मुलींच्या नाचाआधी आम्हाला बसवलं. त्यांनी सुरू केलं. सुंदर लागलं होतं बघ ते खालचं, हॉलच्या फरशीतून पायात येत होतं. मी काटकी धरली, झील धरली. मग त्यांनी तुकड्यात इवलासा फरक केला. मला कळलं. म्हणजे, या, वर जा. आणि मी काय केलं असेल? तोच फरक मी माझ्या ठेक्यात करून त्यांना परत दिला. म्हणजे, छे छे, तुम्हीच जा. त्यांनी परत मला दिला, मी परत त्यांना. लग्नात दोन विहिणी दारात थांबून एकमेकींना आधी व्हा म्हणतात ना, तसं चाललं. मला वाटत होतं, हे मोठे, हे वाजवणारे, हेच जातील. त्यांना वाटत होतं, एवढ्या वर्षांनी ही बाई आलीय, ही जाईल. दोघं झील धरून बसलो आणि बुवाच नाही.

अकरा मिनिटं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने शेवटी माईकवर विचारलं, काका, ट्यूनिंग झालं असेल तर सुरू करू या का? तिथं तू हसलीस. सगळेच हसले, तुझी एकटीची काय चूक म्हणा.

हॉल रिकामा झाला. तिथला खुर्च्या आवरणारा चिनी म्हातारा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. तो आधीपासून दारात उभा राहून ऐकत होता. अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "आंटी, यू ऑल वेटिंग फॉर हू?"

चीफसाहेब बाबागाडीवर दुलई सारखी करत होते, त्यांनीही ऐकलं. तसेच घरी आलो. लिफ्टमधून उतरताना त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली नाही, त्यावरून काय ते ओळख.

त्यानंतर महिना झाला नसेल, त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, एवढंच निमित्त. वहिनींनी वेळेत ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणून वाचले. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तीन आठवडे होते. मी डबा घेऊन जायचे. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काही केल्या ऐकेनात. तिथली फिलिपिनो मुलगी फार मायेने व्यायाम घ्यायची, कपड्यांना लावायचे चिमटे उघडायला लावायची. एक चिमटा उघडायला त्यांना घाम फुटायचा. तो उघडला की ती टाळ्या वाजवायची आणि हे माझ्याकडे बघून म्हणायचे, बघा, शेवटी टाळ्या मिळाल्या.

थट्टा करायचे, पण मला दिसत होतं ना. चार बोटांतली दोन गेली. वर कोणी येण्याची वाट बघत बत्तीस वर्षं धरून ठेवलेलं ते खालचंच आता हातातून सुटत होतं. घरी आल्यावर वहिनींना म्हणाले, कोणाला तरी देऊन टाक ते, वाजवणाऱ्याला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि भोपळा पलंगाखाली सरकवला. दिला नाही. शहाणी बाई.

एके दिवशी दुपारी मी गेले तर त्यांनी तो बाहेर काढलेला. खुर्चीत बसून मांडीपुढे धरलेला, उजवा हात नुसता मुठीवर ठेवलेला. डाव्या हाताने चालू होतं. पण कसलं चालू? तुकड्याला सगळीकडे भोकं. दोन सूर, मग काही नाही, एक सूर, मग परत काही नाही. जिथं उजव्या बोटांचे सूर यायचे तिथं हवा. ते थांबायचे, शिवी हासडायचे, परत सुरू करायचे. वहिनी स्वयंपाकघरात कुकरशी उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. रडत असणार.

मी काटकी घेतली नाही. मला सुचलंच नाही. मी जमिनीवर बसले आणि ऐकत राहिले. ती रिकामी जागा परत परत यायची, गोल फिरून, तिथंच. मला ते बघवेना, म्हणजे ऐकवेना. वाटलं, काहीतरी ठेवलं पाहिजे इथं. आणि माझ्या तोंडून दादाची ओळ निघाली.

शेवटचे दोन शब्द नव्हे. पहिल्यापासूनची, बुवाची ओळ. तो जशी वरून टाकायचा तशी.

आवाज फाटला माझा. इतक्या वर्षांत त्या उंचीवर गेलेच नव्हते. पण चीफसाहेब थांबले नाहीत. मी ओळ लांबवली तर त्यांनी अंगठा अडवून धरला, वाट बघितली, आणि मी खाली आले त्याच क्षणी बरोबर माझ्या पायाखाली सूर ठेवला. मी घाबरून गप्प झाले, तर त्यांनी तुकड्यात तो इवलासा फरक केला. या वेळी मी तो परत केला नाही. घेतला. दादाचे शब्द संपले तेव्हा मी माझे टाकले. काय टाकले म्हणशील तर लिफ्ट टाकली, नोव्हेना टाकलं, चिमटे टाकले, सुचेल ते. ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी, डावा हात चालू. भोकं होती म्हणूनच मला जागा मिळाली, असं मला आता वाटतं. अख्खं, भरलेलं असतं तर मी आपली परत झीलच धरली असती.

कुकरची शिट्टी मध्येच व्हायला लागली तेव्हा वहिनींनी गॅसच बंद केला. त्या दिवशी तिघांनी कच्चा भात खाल्ला.

केव्हातरी थांबलो. मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही वर गेलात."

मी म्हटलं, "गेले खरी. आता खाली कसं यायचं ते सांगा."

"घाई काय आहे?" म्हणाले.

त्यानंतर वर्षभर आम्ही रोज बसलो. अंगठा बराचसा आला, तर्जनी आली नाही. नवीन खालचं तयार झालं, तीन बोटांचं, थोडं लंगडतं. त्यांना तेच आवडायला लागलं. मग त्यांच्या लेकीने आग्रह केला आणि दोघं रत्नागिरीला गेले. चांगी एअरपोर्टवर बाबागाडी विमानात घेणार नाही म्हणाले, तर या माणसाने काउंटरवरच्या मुलीला आधी घरच्या सगळ्यांची शांतता विचारली. रांग खोळंबली. पण गाडी गेली.

आता दर रविवारी त्यांचं मोबाईलवर रेकॉर्डिंग येतं, पाच-सात मिनिटांचं खालचं. मी ते लावते आणि त्यावर गाते. सून म्हणते, आई, खालच्या मजल्यावरची मलय बाई विचारत होती की कोण गातं. मी म्हटलं, सांग, माझी सासू गाते. पण मोबाईल माझं ऐकत नाही गं. मी लांबवलं तरी तो थांबत नाही. त्यात ती मजा नाही.

म्हणून सांगते. पुढच्या महिन्यात चीफसाहेब आणि वहिनी पंधरा दिवस येतायत, आमच्याकडेच उतरणार आहेत. भोपळाही येतोय. मी वर जाणार, ते खालचं धरणार. पण मला माझ्या ओळीचे शेवटचे दोन शब्द उचलायला कोणीतरी लागेल, आणि दादाच्या ओळी ज्या घरात रोज घुमल्या त्या घरात तुझ्याशिवाय दुसरं कोण वाढलंय इथं? गाता येत नाही, हे मला सांगू नकोस. दुसरं कोणी उचलेल म्हणून थांबायचं नाही, एवढंच येऊ दे. जावयांना घेऊन ये, एकटी ये, ऑफिसमधून तशीच ये. आणि चीफसाहेबांची वाट बघत बसू नकोस, त्यांच्याआधीच एकदा ये, या शनिवारीच. जेवायलाच ये.